डाव्या कोपऱ्यातला डोनल

डोनल,

तू शुक्रवारी पहाटे गेलास आणि मला कळलं रविवारी सकाळी. तुझ्या ऑफिसचा पिकअप सर्व्हेच्या खुंट्या न्यायला मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या वर्कशॉपात आला होता. ड्रायव्हरनं गठ्ठे चढवले, गाडीत बसला, काच खाली केली आणि म्हणाला, "वो आयरिश साब खलास हो गया. आपको मालूम होगा." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. इथे सिमेंट संपलं की खलास, ड्युटी सुटली की खलास, माणूस गेला की तोही खलास. मी मान हलवली. मालूम असल्यासारखी.

मला का नाही सांगितलं म्हणून कुणावर रागावू? आयर्लंडातल्या तुझ्या बहिणीला ऑफिसनं कळवलं. शुक्रवारी खेळणाऱ्या तुमच्याकडच्या पोरापोरींना, त्यांचा खेळ चालवणाऱ्या इफानं कळवलं. गालातल्या एका सुताराला कळवायचं काम कुणाचंच नव्हतं. एरवी मी शुक्रवारी मैदानावर असायचोच, पण त्या दिवशी एका हॉटेलचे दरवाजे द्यायचे होते म्हणून अर्बाबनं, म्हणजे आमच्या मालकानं, सगळ्यांना कामावर ठेवलं होतं. तू तिकडे माझी वाट बघत असशील, आज का आला नाही म्हणत असशील, असं मनात धरून मी दिवसभर दरवाज्यांना पट्ट्या मारत होतो. तेव्हा तू या जगात नव्हतास.

आपण इंग्रजीत बोलायचो, आणि इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. मराठीत लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडलो. तू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, त्यात साहेब. आमच्या रीतीनं 'तुम्ही'च म्हणायला हवं. तसं लिहून पाहिलं, तर समोर तुझ्या ऑफिसातला कुणी दुसराच गोरा माणूस उभा राहिला. म्हणून खोडलं. तुला मराठी येत नव्हतं आणि माझं इंग्रजी एवढं सगळं पेलणारं नाही. म्हणजे हे तुला कळायची सोय नव्हती, तू असतास तरी. असू दे. मला कुठेतरी बोलायला हवं.

तू पहिल्यांदा आलास तेव्हा खुंट्यांचीच ऑर्डर घेऊन आला होतास. रस्त्याच्या आखणीसाठी जमिनीत ठोकायच्या साध्या लाकडी खुंट्या. त्यासाठी साहेब लोक स्वतः येत नाहीत, फोन करतात. मी माप विचारत होतो आणि तुझं लक्ष नव्हतं. तू माझ्या अंगावरून पलीकडे गेलास, मागच्या घोडीवर ठेवलेल्या फळ्यांपाशी उभा राहिलास आणि एका फळीला नाक लावलंस. ॲशचं लाकूड होतं. आमच्याकडे ते एका बंगल्याच्या जिन्यासाठी आलं होतं. तू विचारलंस हे ॲशच ना, मी म्हटलं हो. मग तू पुन्हा नाक लावलंस. आमचे पठाण, मलबारी, बंगाली सगळे मशिनी थांबवून बघायला लागले होते, की हा माणूस फळीपाशी काय करतोय.

नाव विचारलंस तेव्हा मी आडनाव सांगितलं, मेस्त्री. आमच्या कुडाळच्या बाजूला सुतारांचं ते असतंच. तू ते 'मिस्ट्री' असं म्हणालास आणि स्वतःच हसलास. त्यानंतर पाच वर्षांत तू मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाहीस.

पुढच्या खेपेला तू मोडलेली काठी घेऊन आलास. कमरेएवढी उंच, खालचं टोक तव्यावरच्या उलथण्यासारखं रुंद आणि वाकडं. हॉकीची आहे का म्हणून मी विचारलं, तर तुझा चेहरा असा झाला, जसं कुणी तुझ्या आईला नावं ठेवली. हा हर्लिंग, आमच्याकडचा खेळ, तू म्हणालास. मैदानावर पंधरा इकडे, पंधरा तिकडे, चामड्याचा छोटा कडक चेंडू. तो जमिनीवर मारायचा, हवेत मारायचा, हातात झेलायचा, काठीवर तोलत पळायचं. चेंडू डोक्याच्या उंचीवर असला तरी दोन्ही बाजूंनी काठ्या फिरतात. मी विचारलं, लागत नाही का. तू म्हणालास, लागतं की.

आणि मग विचारलंस, तू काही खेळलास का कधी? मी म्हटलं कबड्डी, गावात, बारा वर्षं. कुठे खेळायचास, म्हणालास. डावा कोपरा. त्यावर तू काठी खाली ठेवलीस. तूही डावा कोपरा होतास. जिल्ह्याच्या संघात, बचावाच्या ओळीत, गोलाच्या डाव्या कोपऱ्यात. आपण दोघांनी त्या दिवशी वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं आपापली मैदानं काढली आणि आपापल्या जागेवर एकेक फुली मारली. कोपऱ्यातल्या माणसाचं काम काय, ते एकमेकांना समजावून सांगावं लागलं नाही. समोरच्याला येऊ द्यायचं, येऊ द्यायचं आणि नेमका क्षण साधून घुसायचं. लवकर घुसलास तर गेलास. उशीर केलास तरी गेलास. अर्बाब आला तेव्हा त्याचा सुपरवायझर, म्हणजे मी, आणि खुंट्यांचं गिऱ्हाईक फरशीवर उकिडवे बसले होते. त्यानं चहा सांगितला.

तुझा सगळा खेळ मला असाच तुकड्यातुकड्यानं कळला. सात वर्षांचा असताना वडिलांनी कापून आखूड केलेली काठी. शाळेतल्या एकाच बाकावरचा पॉरिक, जो तुझ्या गल्लीतलाच आणि तुझ्याच क्लबचा, पण पुढच्या फळीतला. म्हणजे सरावाला तो गोल करायला येणार आणि तू त्याला अडवणार, वयाच्या आठव्या वर्षापासून. सतराव्या वर्षी जिल्ह्याच्या लहान संघात दोघं, एकविसाव्या वर्षी मोठ्या संघात दोघं. मला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की एवढ्या पन्नास हजार लोकांसमोर खेळणाऱ्यांना तुमच्याकडे कुणी काही देत नाही. रविवारी मैदान आणि सोमवारी सकाळी ज्याच्या त्याच्या कामावर. तू तेव्हा नगरपालिकेच्या रस्त्यांची मापं घ्यायचास. दुसऱ्या उन्हाळ्यात तुमचा जिल्हा प्रांताची फायनल जिंकला. तुझ्यासमोर त्या वेळचा सगळ्यात मोठा फॉरवर्ड होता. सत्तर मिनिटांत त्यानं तुझ्या कोपऱ्यातून काहीही मिळवलं नाही. दुसऱ्या दिवशी तू रस्त्यावर टेप धरून उभा होतास तर बसचा ड्रायव्हर भर चौकात बस थांबवून खाली उतरला आणि तुझा हात हातात घेऊन नुसता उभा राहिला, मागे गाड्यांची रांग. हे सांगताना तुझा आवाज हलका व्हायचा. पण त्याच्यापुढची गोष्ट आली की तू विषय बदलायचास. मग काय झालं, असं मी दोनतीनदा विचारलं. मग इंग्लंड, तू म्हणायचास, मग सौदी, मग इथे.

मी तुला काठ्या करून द्यायला लागलो. तुमच्याकडे त्या ॲशच्याच करतात, म्हणून पहिली ॲशच्या सरळ फळीतून कापली. दिसायला अशी झाली की मीच तिच्यावर खूश. तू अंगणात चेंडू उडवून तिसरा फटका मारलास आणि टोक तुटून गाड्यांखाली गेलं. तू म्हणालास, आमच्याकडे झाडाच्या बुंध्यापासून, मुळं वळतात तिथून काठी काढतात, म्हणजे लाकडाच्या रेषाही काठीबरोबर वळतात. हे मला आधी सांगितलं असतंस तर. आमच्याकडे लाकडी नांगर असाच करायचे. माझे वडील नांगराला झाड शोधायला जायचे ते वाकडं शोधायला जायचे, सरळ झाडाकडे बघायचेही नाहीत. मस्कतमध्ये ॲशचा बुंधा कुठून आणायचा? मग मी पातळ पट्ट्या वाफेवर वाकवून एकावर एक चिकटवल्या आणि टोकाला पत्र्याची पट्टी मारली. ती टिकली. तू ती हातात धरून बघितलीस आणि म्हणालास, आयर्लंडात हिला काठी म्हणणार नाहीत, पण आपण आयर्लंडात नाही.

तेव्हाच कधीतरी इफा आली. शाळेत शिकवायला आलेली, पंचविशीतली, केस कापलेली, भरभर बोलणारी. तिनं तुमच्याकडचे शिक्षक, नर्स, इंजिनिअर असे सतराअठरा जण जमवले आणि दर शुक्रवारी सकाळी एका शाळेच्या मैदानावर खेळ सुरू केला. मुली आणि मुलगे एकत्रच, कारण वेगवेगळे संघ होण्याएवढी माणसं नव्हती. तुझं नाव तिला तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. जिल्ह्याचा खेळाडू इथे आहे म्हणून ती तुझ्याकडे आली, आणि तू सांगितलंस की शिकवीन, काठ्या आणून देईन, पण खेळणार नाही. आणि एक अट. हेल्मेटशिवाय कुणी मैदानात पाय ठेवायचा नाही, सरावालासुद्धा.

मी येऊन कडेला बसायचो. वादी अदाईच्या आमच्या खोलीत शुक्रवारी सहा माणसं झोपलेली असायची, तिथे बसून काय करणार. एका शुक्रवारी उकाड्यानं एका मुलानं हेल्मेट काढून कडेला ठेवलं. तू धावत आत गेलास, खेळ थांबवलास आणि त्याच्या अंगावर असा ओरडलास की तो पोरगा रडायला आला. तू परत येऊन माझ्या शेजारी बसलास, पण नजर त्या पोराच्या हेल्मेटवरच.

तू इतका का चिडलास, ते मला मे महिन्यात कळलं. उन्हामुळे खेळ बंद झाला होता. निझवाच्या बाजारात जुने कोरीव दरवाजे विकायला येतात, ते बघायला आपण तुझ्या गाडीनं गेलो होतो. परत येताना पेट्रोल पंपावर चहा घेतला आणि पुन्हा रस्त्याला लागल्यावर तू आपणहून बोलायला लागलास. समोर रस्ता होता, माझ्याकडे बघायची गरज नव्हती, म्हणून तुला जमलं असावं.

फायनल जिंकल्यानंतरच्या वसंतातली गोष्ट. क्लबच्या मैदानावर संध्याकाळचा सराव. त्या काळी हेल्मेट घालणं बायकी समजायचे. उंच चेंडू खाली आला. पॉरिक आणि तू, दोघांनी एकाच वेळी काठी फिरवली. तू पूर्ण ताकदीनं, कारण अर्ध्या ताकदीनं मारायचं तुला माहीतच नव्हतं. चेंडूला तुझी काठी लागली नाही. पॉरिकच्या डाव्या डोळ्याला लागली. डॉक्टरांनी काय काय केलं, पण डोळा गेला. पॉरिकनं हॉस्पिटलात तुला सांगितलं की चेंडू दोघांचा होता, तुझी चूक नाही. त्याच्या आईनंही सांगितलं. कुणीच तुला दोष दिला नाही, आणि तू म्हणालास की त्याचाच जास्त त्रास झाला.

त्याच उन्हाळ्यात तू जिल्ह्याकडून खेळलास. पाच सामने. "प्रत्येक वेळी चेंडू खाली यायचा आणि माझा हात आपोआप मागे यायचा," तू म्हणालास. "मी ठरवून करत नव्हतो. हातच आखडायचा." ज्याच्या कोपऱ्यातून वर्षभरापूर्वी काही मिळत नव्हतं, त्याच कोपऱ्यातून आता सगळे आत यायला लागले. पाचव्या सामन्यात तुला अर्ध्यावर बाहेर बोलावलं. दुसऱ्या आठवड्यात तू इंग्लंडला जायची बोट पकडलीस. चोवीस वर्षांचा होतास. खेळाचं सगळं तिथे संपलं. पॉरिकला त्यानंतर तू भेटला नाहीस. दर नाताळला कार्ड पाठवायचास, खाली नुसतं नाव.

डोंगर मागे पडले, मस्कतच्या पाट्या दिसायला लागल्या. तू मला वादी अदाईला सोडलंस आणि म्हणालास की हे इथे कुणाला माहीत नाही. मी कुणाला सांगितलं नाही, बायकोला सोडून. ती कुडाळला, तिचं तुला कधी दर्शन झालं नाही, पण तुझी चौकशी ती दर फोनला करायची. "तो तुमचो गोरो बरो आसा मा?" असं. त्या दिवशी ऐकून म्हणाली, "त्येका सांगा, त्या दोस्ताक एकदा भेट म्हणान."

ते मी सांगितलं, आणि तिथेच आपलं बिनसलं.

ऑक्टोबरात खेळ पुन्हा सुरू झाला होता. सराव संपला, इफा आणि बाकीचे गेले, आपण दोघं तुझ्या गाडीत एसी लावून बसलो होतो. तू सहज म्हणालास की बहिणीला पॉरिक बाजारात भेटला होता, तुझ्याबद्दल विचारत होता. मी म्हटलं, मग फोन कर. तू म्हणालास, काय सांगू त्याला? मी म्हटलं, काही सांगू नको, नुसता कर. तू नाही म्हणालास. मी परत म्हटलं. तू परत नाही म्हणालास. तिसऱ्यांदा माझा तोल गेला.

"डोनल, तुला त्याच्या डोळ्याचं दुःख नाहीये," मी म्हणालो. "तुझा खेळ गेला, त्याचं आहे."

तू एसी बारीक केलास. मग अगदी सावकाश, माझ्याकडे बघत विचारलंस, "मिस्ट्री, तुझी मुलगी आता कितवीत आहे?"

मी सातवी म्हणालो. मग आठवलं की जूनमध्ये ती आठवीत गेली. तुला ते माझ्या तोंडावरून कळलंच. मी दार उघडून उतरलो आणि मुख्य रस्त्यापर्यंत चालत जाऊन टॅक्सी केली. तुझी गाडी जागची हललेली मला तरी दिसली नाही.

तीन आठवडे मी मैदानावर आलो नाही. खुंट्यांच्या ऑर्डरी फोनवरून यायला लागल्या, त्याही दुसऱ्याच्या आवाजात. त्या तीन आठवड्यांत मी मुलीला रोज संध्याकाळी फोन केला. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "बाबा, काय झालं? रोज का फोन करता?" काही नाही म्हटलं. पंधराव्या दिवशी तिनं स्वतःहून सांगितलं की ती शाळेच्या कबड्डी संघात आली. अजूनही रोज बोलतो. तू मला टोचलंस म्हणून हे झालं, हे मी तुला सांगायचं राहून गेलं. दरवेळी वाटायचं, सांगितलं तर तो दिवस पुन्हा उघडावा लागेल.

चौथ्या आठवड्यात तू मोडलेल्या चार काठ्या घेऊन वर्कशॉपात आलास. नेहमीसारखा. मी त्या घेतल्या आणि शुक्रवारी देतो म्हटलं. तू म्हणालास, मग शुक्रवारी भेटू. एवढ्यावर आपण मिटवलं. पुरुष माणसं बहुतेक असंच मिटवतात, आणि मिटलं असं समजतात.

जानेवारीत दुबईचा संघ आला. नऊ-नऊ जणांचा सामना, आपले त्या दिवशी नेमके नऊच हजर. दुसऱ्या डावात आपल्या एका पोराचा घोटा मुरगळला. इफा धापा टाकत कडेला आली. ती तुला काही म्हणाली नाही, फक्त त्या पोराचं हेल्मेट तुझ्यासमोर धरलं. तू त्या हेल्मेटकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. बावन्न वर्षांचा माणूस, पोट सुटलेलं, अठ्ठावीस वर्षांत खेळलेला नाही. मी म्हटलं, "यल्ला." चल, हो पुढे, याखेरीज दुसरं काय म्हणणार?

दहा मिनिटं उरली होती. तू डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलास. पहिला चेंडू आला, तुझी काठी निघाली आणि मध्येच थांबली. त्यांनी पॉइंट घेतला. दुसरा आला तेव्हाही तसंच. मी कडेला उभा होतो आणि मला तुझा खांदा मागे खेचला जाताना दिसत होता, कुणीतरी दोरीनं ओढल्यासारखा. मी मान खाली घातली. तुला यल्ला म्हटल्याचा मला पश्चात्ताप झाला.

तिसरा चेंडू उंच आला. त्यांचा एक लालकेशा पोरगा आणि तू, दोघंच खाली. दोघांच्या काठ्या एकदम फिरल्या आणि असा आवाज झाला की पलीकडच्या रस्त्यावरचा माळी वळून बघायला लागला. तुझ्या हातातल्या, मी केलेल्या काठीचे दोन तुकडे झाले. चेंडू मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. सगळे तिकडे धावले. तू एकटा चेंडूकडे बघत नव्हतास. तू त्या पोराच्या तोंडाकडे बघत होतास. तो हेल्मेटच्या जाळीतून हसला, तुझ्या पाठीवर थाप मारली आणि पळाला. मग तू कडेला येऊन दुसरी काठी मागितलीस. मी दिली. उरलेल्या वेळात तुझ्या कोपऱ्यातून कुणी आत आलं नाही. आपण हरलो, पाच पॉइंटांनी, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

नंतर गाडीत तू पाणी मागितलंस. "मिस्ट्री, आवाज ऐकलास?" एवढंच विचारलंस. मी हो म्हटलं.

आता फोन करशील, असं मला वाटत होतं. दर शुक्रवारी वाटायचं की आज सांगेल. मी विचारलं नाही, पुन्हा बिनसेल म्हणून. आठ आठवडे असे गेले आणि मग तो ड्रायव्हर काच खाली करून बोलला.

झोपेत हृदय थांबलं म्हणतात. शुक्रवारी तू मैदानावर आला नाहीस म्हणून इफा तुझ्या फ्लॅटवर गेली आणि वॉचमनकडून दार उघडून घेतलं. तुझं पार्थिव कागदपत्रं होऊन बुधवारी विमानानं गेलं. मी तुला पाहिलं नाही. शवागारात ऑफिसच्या माणसांनाच सोडत होते आणि मी तुझा कोण, ते कुठल्या कागदावर लिहिणार? पुढच्या शुक्रवारी मुलांनी मैदानावर दोन रांगा करून काठ्या उंच धरल्या आणि ती एक मिनिट उभी राहिली. मी कडेला माझ्या जागेवर होतो. इफानं हात धरून मला रांगेत नेलं. तिला माझा हात किती खरखरीत लागला असेल, असलं काहीतरी मला त्या वेळी सुचत होतं.

आणि परवा दुपारी मला फोन आला. मी रंध्याच्या मशिनीवर होतो, अनोळखी परदेशी नंबर. पलीकडचं इंग्रजी तुझ्यापेक्षा जाड. तीनदा सांगितलं तेव्हा नाव कळलं. पॉरिक. इफाकडून त्यानं नंबर घेतला होता. मी मशीन बंद केलं, बाकीच्यांनाही हातानं थांबायला सांगितलं.

त्यानं सांगितलं की तुला गावातच पुरलं. त्यानंही खांदा दिला. मग थोडा वेळ हवापाण्याचं बोलला, गुरांचं बोलला. मी विचारलं, डोनलनं तुम्हाला फोन केला होता का हो? नाही, तो म्हणाला. मीही केला नाही. दोघं सारखेच. मग म्हणाला, "डोळ्याचं मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्याहून वाईट वाटलं ते त्या उन्हाळ्याचं. मी स्टँडमध्ये बसून एका डोळ्यानं त्याचे पाचही सामने बघितले. दर चेंडूला तो हात आखडायचा. मला वाटायचं, माझा डोळा गेला तो गेलाच, पण फुकट गेला."

म्हणजे गाडीत मी तुला बोललो ते खोटं होतं, डोनल. त्याचा डोळा आणि तुझा खेळ अशी दोन दुःखं मी करून ठेवली होती आणि त्यातलं एक तुझ्या माथी मारलं होतं. ते एकच होतं. तो तिकडे तेच घेऊन बसला होता, तू इकडे. ते तुला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि तरी मी तोंड उघडलं. त्याची माफी मी तुझ्याकडे पाच महिन्यांत कधीही मागू शकलो असतो. तू समोरच होतास.

मग पॉरिकनं विचारलं, "तिकडे तो खेळला का रे कधी?"

मी म्हटलं, एकदा. दहा मिनिटं.

"हात आखडला?"

"पहिल्या दोन वेळा," मी म्हणालो. "तिसऱ्यांदा नाही."

मग त्यानं तो तिसरा चेंडू नीट सांगायला सांगितला. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, लालकेशा पोरगा, उंच चेंडू, आवाज, काठीचे तुकडे, माळी. त्यानं पुन्हा सांगायला सांगितलं. मी पुन्हा सांगितलं. मध्येच त्यानं विचारलं, पाय कसे होते, डावा पुढे होता का? मी आठवून म्हटलं, हो, डावा पुढे. तो म्हणाला, मग तोच, आधीचा डोनल. मग तिसऱ्यांदा सांगायला लावलं. शेवटी म्हणाला, बरं झालं, आणि फोन ठेवला.

पठाणानं लांबून खूण करून विचारलं, मशीन लावू का. मी लाव म्हटलं. सगळीकडे पुन्हा आवाज सुरू झाला. मी फोन हातात धरून स्टुलावर बसून राहिलो. एवढी मोठी गोष्ट झाली होती, ती कुणालातरी सांगायला हवी होती, आणि या गावात असलं सांगायला माझ्याकडे फक्त तू होतास.